साधन कोणाच्या हाती?



रायपूरच्या डब्ल्यूआरएस कॉलनीत पाळी संपवून घरी येणाऱ्या आपल्या एखाद्या रेल्वे कामगाराची पत्नी सरकारी शाळेत शिक्षिका असेल, तर पुढचे चित्र त्याला नवे नाही. शाळा सुटून तीन तास झालेले असतात, पण बाईंची ड्यूटी सुटलेली नसते. एका हातात उलथने, दुसऱ्या हातात मोबाईल. मुलांची हजेरी, मध्यान्ह भोजनाचा आकडा, प्रशिक्षणाचा पुढचा भाग, कार्यक्रमाचे फोटो, सारे आजच चढवायचे असते. मोबाईल तिचा, रिचार्ज तिचा, वेळही तिचाच. आणि याला गोंडस नाव काय, तर शिक्षकांची कार्यक्षमता वाढविणारी ऑनलाईन साधने!

आम्ही यंत्राचे शत्रू नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. गूगल फॉर्मवर घेतलेली वस्तुनिष्ठ चाचणी आपोआप तपासली जाते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी न्यावा लागत नाही. शीटमध्ये गुण एकदा भरले की बेरीज आणि टक्केवारी क्षणात मिळते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचामुळे पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडवरून धड्याचे चित्रीकरण वर्गात दाखविता येते. ही खरी साधने आहेत, कारण ती शिक्षकाचा वेळ वाचवितात आणि तो वेळ मुलांना मिळतो. त्यांचे स्वागतच आहे.

छत्तीसगडने हे करून दाखविले आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, ७ एप्रिल २०२० रोजी, येथे ‘पढ़ई तुंहर दुआर’ म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’ ही ऑनलाईन योजना सुरू झाली. पण ज्या गावात नेटवर्कच नाही तेथे काय? तेथे शिक्षकांनी वस्तीवस्तीत वर्ग भरविले, ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले, ‘बुलटू के बोल’ या उपक्रमात ब्लूटूथने एका मोबाईलमधून दुसऱ्यात धडे पोहोचविले. साधन साधे होते, पण ते शिक्षकाच्या हाती होते. कोठे काय चालेल हे तो ठरवीत होता. म्हणूनच ते मुलांपर्यंत पोहोचले.

आज मात्र उलटे होत आहे. साधनाच्या नावाखाली पाळत येत आहे. उत्तर प्रदेशात ८ जुलै २०२४ पासून शिक्षकांवर डिजिटल हजेरीची सक्ती झाली. पावसात रस्ते बंद, नेटवर्क बेभरवशाचे, आणि उशीर झाला की दोष शिक्षकाचा! शिक्षक एकजुटीने उभे राहिले आणि १६ जुलै रोजी सरकारला तो आदेश स्थगित करावा लागला. संघटना नसती तर हे आठ दिवसांत घडले असते काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. मग माहिती भरण्याचे हे अखंड काम कोणत्या खात्यात मोडते? तीच माहिती आधी रजिस्टरमध्ये, मग ॲपमध्ये, मग केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटात! हे एक काम तीनदा करणे झाले. याला कार्यक्षमता म्हणणे ही कष्टकऱ्यांची थट्टा आहे.

रेल्वे आणि टपाल कामगारांनी शिक्षकांचा हा प्रश्न परका समजू नये. ‘दर्पण’ प्रकल्पाने ग्रामीण डाकसेवकाच्या हाती यंत्र आले, पोस्टमनच्या हाती ॲप आले, रनिंग स्टाफची ड्यूटी संगणकावर गेली. सोय झाली हे खरे. पण सर्व्हर बसला की शिव्या मात्र खिडकीवर बसलेल्याने खायच्या! शाळेत आज जी सक्ती रुळेल, तिचाच दाखला उद्या आपल्याला दिला जाईल.

म्हणून प्रत्येक नव्या साधनाला तीन प्रश्न विचारा. एक, हे आल्यावर जुने रजिस्टर बंद होणार काय? दोन, यंत्र आणि इंटरनेटचा खर्च कोण देणार? तीन, यातील नोंद माझे काम सोपे करण्यासाठी आहे की माझ्यावर मेमो काढण्यासाठी?

उत्तरे लेखी घ्या. एक माहिती एकदाच भरली जावी, यंत्र आणि डेटा मालकाने द्यावा, भरणा ड्यूटीच्या वेळेतच व्हावा आणि तांत्रिक बिघाडाची शिक्षा कर्मचाऱ्याला होऊ नये, या मागण्या शिक्षकांच्या आहेत तशाच आपल्याही आहेत. शाखेच्या पुढील सभेत आपल्या गावच्या शिक्षक संघटनेला निमंत्रण द्या आणि हा विषय चर्चेला घ्या.

साधन राबणाऱ्याच्या हाती असावे, त्याच्या मानगुटीवर नव्हे!

कामगार एकजुटीचा विजय असो!