चर्चेआधीच लागलेला निकाल

नववीच्या वर्गात वादविवाद स्पर्धेची तयारी चालली होती. विषय साधा: शाळेत मोबाइल असावा की नसावा. अध्यक्ष म्हणून ज्या मुलाला बसवलं, त्याने पहिल्याच मिनिटाला बाकावर हात आपटला आणि समोरच्या मुलीवर ओरडला, "हो की नाही, एवढंच सांगा! सोलापूरला उत्तर हवंय!" वर्ग हसला, मीही हसले. ती मुलगी मात्र गप्प झाली आणि तासभर पुन्हा बोललीच नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, टीव्हीवर असंच असतंय की."

मुलाने जे पाहिलं तेच केलं. म्हणून हा लेख त्या मुलावर नाही, त्याच्या गुरूंवर आहे.

आमच्या मुशायऱ्यात नाजिम असतो. कुणाला कधी बोलवायचं, कुणाची ओळख कशी करून द्यायची, हे त्याच्या हातात. चांगला नाजिम नवख्या शायरालाही सांभाळून पुढे आणतो. वाईट नाजिम निम्मा मुशायरा स्वतःच खातो. टीव्हीचा अँकर हा चर्चेचा नाजिमच. फक्त त्याच्याकडे एक जादा गोष्ट आहे: समोरच्याचा आवाज बंद करण्याची सोय.

चर्चेचा निकाल तो कसा लावतो ते पाहा. आधी प्रश्न. पडद्यावर पट्टी येते, "अमुक समाज गप्प का?" गप्प आहे हे ठरूनच गेलं, आता फक्त कारण द्यायचं. मग खुर्च्या. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द केला. मला त्या निकालाचा आनंद झाला होता. पण चर्चेत बहुतेकदा एका खुर्चीवर चिडणारे मौलाना आणि दुसऱ्या खुर्चीवर आपलं दुःख सांगणारी बाई, एवढंच दिसायचं. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात महिलांचा मोर्चा काढला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. हा पन्नास वर्षांचा मराठी इतिहास सांगणाऱ्याला किती वेळा बोलावलं? आवाज न चढवणारा माणूस त्या खुर्चीच्या मापाचा नसतो.

खुर्चीनंतर माइक. 13 जानेवारी 2023 ला द्वेषपूर्ण भाषणांवरच्या सुनावणीत खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अँकर दुसऱ्या बाजूचा आवाज बंद करतात, यावर बोट ठेवलं. म्हणजे ही माझ्यासारख्या मास्तरणीची कुरकुर नाही.

याची किंमत स्टुडिओत कुणी मोजत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातीवर रोज रात्री चर्चा झडत होत्या. माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बा हातगाडीवर भाजी विकतात. त्या महिन्यात नेहमीच्या गल्लीतले लोक भाव विचारायच्या आधी नाव विचारू लागले. पुढे 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. त्या निकालावर तितक्या रात्री चर्चा रंगलेल्या मला तरी आठवत नाहीत.

वसईच्या श्रद्धा वालकरचा खून झाला. आरोपी एक होता, चर्चा अख्ख्या समाजावर झाली. वाहिन्यांनीच नेमलेल्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीने 28 फेब्रुवारी 2024 ला 'टाइम्स नाऊ नवभारत'ला 1 लाख आणि 'न्यूज18 इंडिया'ला 50 हजार रुपये दंड केला, असे कार्यक्रम काढून टाकायला सांगितले. दंड भरून होतो. पण कार्यक्रम पाहून शेजाऱ्याच्या मनात बसलेला संशय कोण काढून टाकणार?

"रिमोट तुमच्या हातात आहे, बघू नका," असं सांगतात. मी बंद करीन हो. माझा शेजारी बघतो आणि सकाळी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, त्याचं काय? आणि आपल्या माणसांनाही विचारायला हवं: प्रश्न आधी न विचारता, फक्त पडद्यावर दिसायला मिळतं म्हणून त्या खुर्चीत जाऊन का बसता? तुम्ही तिथे समाजाची बाजू मांडत नाही, त्यांच्या नाटकातलं पात्र पुरवता. सप्टेंबर 2023 मध्ये विरोधी पक्षांच्या 'इंडिया' आघाडीने 14 अँकरांवर बहिष्कार टाकला. त्यांचा राग समजतो, पण उत्तर अपुरं वाटतं. नावं बदलतील, बटण तिथेच राहील.

नियम हवेत, आणि ते आधी जाहीर हवेत. अमेरिकेत 22 ऑक्टोबर 2020 च्या अध्यक्षीय चर्चेत एकाची सुरुवातीची दोन मिनिटं चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवला गेला, आणि ते दोघांनाही आधी ठाऊक होतं. आपल्याकडे प्रत्येकाला किती मिनिटं मिळाली हे शेवटी पडद्यावर दाखवायला काय हरकत आहे? प्रश्नातच आरोप नको, आणि शेवटचा निकाल अँकरने सांगू नये. एवढं तर आमच्या तालुका पातळीवरच्या स्पर्धेतही पाळतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलाला पुन्हा अध्यक्ष केलं. हातात घंटी दिली आणि सांगितलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, तू मधे एक शब्दही बोलायचा नाही. त्याला ते फार जड गेलं. पण ती मुलगी पूर्ण तीन मिनिटं बोलली. चांगलं बोलली.