‘नुसतं खेळतात’ म्हणणाऱ्यांना

गेल्या जानेवारीतल्या पालकसभेत एका बाबांनी माझ्यासमोर एक चौकटीची वही ठेवली. शेजारच्या मुलाची. पानोपानी एक ते शंभर, एकही आकडा चौकटीबाहेर गेलेला नाही. “ताई, हा आमच्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे,” ते म्हणाले. “आम्ही वर्षाची फी भरतो आणि आमची पोर घरी येऊन सांगते, आज चिंचोके खेळले.” आवाजात राग नव्हता, काळजी होती. सभेतल्या बऱ्याच माना हलल्या.

मी एका खासगी बालवाडीत एकवीस वर्षं शिकवते आहे. आमची शाळा मुलाच्या कलाने चालते, आणि हा आक्षेप ऐकला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. तो झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून आधी तो पुरता मांडते. आक्षेप घेणारे चार गोष्टी म्हणतात. मुलं नुसतं खेळतात, शिकत नाहीत. अशी मुलं पहिलीत मागे पडतात. मुलाच्या मनासारखं केलं की शिस्त जाते. आणि हे सगळे पैसेवाल्यांचे लाड आहेत.

आधी चिंचोक्यांचंच बघू. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणतो. त्यात सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. ‘एकोणतीस’ तर तिसाला एक कमी म्हणून झालेला शब्द. जोडसंख्या वाचायच्या कशा, यावरून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाबाबत महाराष्ट्रभर वाद झाला, तो काही उगाच नाही. मोठ्या गटातली मुलगी दहा-दहा चिंचोक्यांच्या दोन वाट्या भरते आणि बाजूला सात सुटे ठेवते, तेव्हा सत्तावीस म्हणजे काय ते तिच्या हाताला कळलेलं असतं. वहीत शंभरपर्यंत उतरवणाऱ्या मुलाला ते कळलंच असेल, याची खात्री ती वही देत नाही. वही फक्त सांगते की त्याने बघून बघून काढलं.

आणि कोणत्या हाताने काढलं? जन्मतः मनगटाची आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करून हाड बनत जातात आणि शेवटचं तयार व्हायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. बोटांची पकड, खांद्याचा जोर, डोळ्या-हाताचा मेळ हे सगळं पेन्सिलीच्या आधी यावं लागतं. माती मळणं, फडकं पिळणं, मटारच्या शेंगा सोलणं, तांब्यातलं पाणी न सांडता फुलपात्रात ओतणं ही लेखनाचीच तयारी आहे. छोट्या गटातलं तीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरून ओळ गिरवतं, तेव्हा त्याच्या कपाळाला पडलेली आठी जवळून बघा. लिहिण्याची नावड मनात तिथूनच शिरते.

दुसरा आक्षेप पहिलीचा. आमच्याकडच्या काही मुलांना पहिलीत सुरुवातीचे दोन-तीन महिने फळ्यावरचं भराभर उतरवून घेणं जड जातं, हे मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणून पहिलीचं ओझं तिसऱ्या वर्षी लादायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांना आणि पालकांना चाळणी लावायला मनाई केली, म्हणजे प्रवेशासाठी ते ओझं लागतच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळातून, वस्तूंतून, गोष्टींतून शिकण्याचीच वर्षं ठरली. तेव्हा जाब विचारायचा असेल तर तो पहिलीला विचारा. बालवाडीने पहिलीसारखं व्हायचं नाही, पहिलीने बालवाडीकडे चार पावलं यायचं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठ्या गैरसमजाचा आहे. मुलाचा कल म्हणजे मुलाची लहर नव्हे. आमच्या वर्गात मांडणीवरची कोणतीही वस्तू मूल स्वतः निवडतं; पण एका वेळी एकच घेतं, चटईवर मांडतं आणि काम झालं की जागच्या जागी ठेवतं. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही. हवी ती वस्तू दुसऱ्याकडे असली तर थांबायचं. चार वर्षांच्या मुलासाठी याहून कठीण शिस्त कोणती? यात ताईला सुट्टीही नाही. कोणतं मूल आठवडाभर पाण्यापाशीच रेंगाळतंय, कोण गोष्टीच्या वेळी उठून जातंय, याची नोंद मी रोज करते आणि उद्या मांडणीवर काय ठेवायचं ते त्यावरून ठरवते. वाट मूल निवडतं. त्या वाटेवर काय काय भेटेल, ही जबाबदारी माझी.

राहिला लाडांचा आक्षेप. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत निघालं. आपल्याकडे ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हीच त्यांची साधनं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाल्या. ज्या पद्धतीला आज श्रीमंती थाट म्हणून हिणवलं जातं, ती आदिवासी मुलांच्या अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढली आहे. ती महागड्या शाळांपुरती उरली असेल, तर तो दोष पद्धतीचा नाही, आपण ती आखडून धरली त्याचा आहे.

आक्षेपकांची एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करते. पाटीवर ‘बालकेंद्री’ लिहून आत सगळ्यांना एकच काम देणाऱ्या शाळा आहेत. त्या ओळखायच्या कशा? भिंतीवरची चित्रं बघा. तीस मुलांची तीस सफरचंदं एकसारखी लाल असतील, तर तिथे कल ताईचाच चालतो. मांडणी मुलाच्या हाताच्या उंचीवर आहे का, ते बघा. तासभर बसून ताईचा आवाज किती वेळा चढतो, ते ऐका.

त्या बाबांना मी एवढंच म्हटलं होतं, की एक सकाळ येऊन बसा, फक्त बोलू नका. ते आले. खाऊच्या वेळी ताटल्या मांडायची पाळी त्यांच्याच मुलीची होती. सोळा मुलं, हातात चौदा ताटल्या. एकेकापुढे ठेवत ती शेवटाला पोचली आणि दोघांपुढे काहीच नाही असं पाहून थबकली. बाबा उठायला लागले. मी हाताने खूण करून त्यांना बसवलं. तिने ते दोघे बोटाने मोजले, ओट्यापाशी जाऊन मावशींना सांगितलं, “अजून दोन द्या,” आणि नेमक्या दोन घेऊन आली. कुणी शाबासकी दिली नाही, तिला ती नकोही होती. ती आपल्या जागेवर जाऊन खायला बसली. शेजारच्या मुलाच्या त्या वहीसमोर ठेवायला माझ्याकडे सभेत काही नव्हतं. जे होतं, ते त्या सकाळी तिच्या बाबांनी पाहिलं.