वरचे आजोबा आणि एकशे ऐंशी दिवस

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा आमच्याकडे आठवड्यातून चार तासांचा विषय होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको. पण हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यावासा वाटला नाही. कारण ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याला तो वाचता आला असता, आणि मग त्याने तो लाल पेनाने तपासून परत पाठवला असता.

माझ्या मामाचं घर गोव्यात, कांदोळीला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. २००५ साली तिथे एक इंग्रज जोडपं भाड्याने राहायला आलं. तो लँकेशायरचा इलेक्ट्रिशियन, नुकताच रिटायर झालेला. ती मूळची आयरिश घराण्यातली, शाळेच्या किचनमध्ये नोकरी केलेली. मी त्याच वर्षी जन्मले, म्हणजे मला ते दोघे कायमच तिथे होते असं वाटायचं. आम्ही सगळी भाचरं त्यांना ‘वरचे आजोबा’ आणि ‘वरची आजी’ म्हणायचो. मामी मात्र अजूनही ‘सायब’ म्हणते.

आता परदेशी रिटायर्ड माणूस गोव्यात राहतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बीच, शॅक, हातात बिअर, मज्जानू लाइफ! हॉस्टेलवर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा रूममेट म्हणाली, “काय नशीब आहे गं!” मला हसू आलं. वरच्या आजोबांना बीचवर बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. बहुतेक वेळा ते डायनिंग टेबलवर चष्मा लावून कुठला तरी फॉर्म भरत असतात.

पहिला घोळ व्हिसाचा. मित्रांनो, आपल्या देशात रिटायरमेंट व्हिसा नावाचा प्रकारच नाही. नोकरीचा आहे, शिक्षणाचा आहे, उपचारांचा आहे. पण ‘मी म्हातारा आहे, माझी पेन्शन आहे, मला इथे राहायचंय, बाकी काही नको’ यासाठी खाना नाही. मूळ भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळतं. आजोबांनी एकदा मला अगदी सिरियसली विचारलं होतं, “माझे पणजोबा खडकीला सोल्जर होते, ते चालणार नाही का?” नाही चालत.

मग राहिला टुरिस्ट व्हिसा. एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस राहायचं, मग देशाबाहेर जायचं. सुरुवातीची वर्षं हे दोघे दर सहा महिन्यांनी श्रीलंकेला जायचे, आठवडाभर राहून परत यायचे. मामा म्हणतो, तेव्हा ती ट्रिपच असायची, येताना चहाची पाकिटं आणायचे. २००९ च्या शेवटी मात्र नियम आला की टुरिस्ट व्हिसावर एकदा बाहेर गेलं की दोन महिने परत यायचं नाही. त्याला कारण होतं, मुंबईवरच्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली कसा येऊन-जाऊन होता ते तेव्हा नुकतंच उघड झालं होतं. कारण कळतं हो, पण हेडलीसाठी काढलेल्या चाळणीत सापडलं कोण? तर सत्तरीला टेकलेलं एक जोडपं, कोलंबोतल्या लॉजवर दोन महिने, गॅलरीतल्या तुळशीला पाणी कोण घालतंय या चिंतेत. (मामीच घालत होती. तिचीच तुळस होती!) तो नियम २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी मागे घेतला गेला. तीन वर्षं म्हातारपणातली तीन वर्षं असतात, इंजिनिअरिंगची नाहीत की केटी लागली तरी पुढे भरून काढता येईल.

दुसरा घोळ पैशाचा, आणि हा इथला नाही, तिकडचा आहे. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं, कारण पटेचना. ब्रिटिश सरकारी पेन्शन तिकडे दरवर्षी वाढते. पण तुम्ही भारतात राहायला गेलात तर ज्या आकड्यावर आलात त्याच आकड्यावर ती गोठते. अमेरिकेत किंवा युरोपात गेलात तर वाढते, फिलिपिन्समध्येसुद्धा वाढते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथे नाही. म्हणजे ज्या देशांवर राज्य केलं नेमके तेच! पूर्ण बेसिक पेन्शन २००५ साली आठवड्याला ८२.०५ पाउंड होती. २०२५-२६ मध्ये तोच आकडा १७६.४५ पाउंड झाला. आजोबांना अजून ८२.०५ मिळतात. महिन्याचा हिशेब केला तर साधारण ३५५ पाउंड. पाउंडाचा भाव वाढला म्हणून थोडं तरलं, पण कांदोळीतलं भाडं, मासळी आणि औषधं पाउंडाला विचारून वाढत नाहीत.

याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन नावाच्या बाईंनी केस लढवली. लंडनला हरल्या, मग स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. तिथे २०१० मध्ये अकरा विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल विरोधात गेला. आजोबांना त्या सहा जजेसबद्दल फार आदर आहे.

आता गंमत अशी की ही पेन्शन गोठू नये म्हणून काही लोक इंग्लंडमधला मुलाचा पत्ता देऊन ठेवतात आणि इकडे राहतात. आजोबांनी ते केलं नाही. “मी इथे राहतो ना, मग इथे राहतो असं लिहिलं.” एवढंच त्यांचं म्हणणं. मामेभाऊ त्यांना तोंडावर येडा म्हणतो (कोकणीत, म्हणजे त्यांना कळत नाही असं त्याला वाटतं).

पेन्शनसाठी आणखी एक कागद लागतो, हयातीचा दाखला. आपल्या स्टाफपैकी ज्यांच्या घरी पेन्शनर आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझे सख्खे आजोबा दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन ‘मी जिवंत आहे’ असं सही करून यायचे, आता जीवन प्रमाणमुळे बोट टेकवलं की काम होतं. वरच्या आजोबांचा फॉर्म मात्र पोस्टाने येतो, साक्षीदाराच्या सहीने पोस्टानेच परत पाठवायचा, त्याला सोळा आठवड्यांची मुदत. एके वर्षी पावसाळ्यात ते पाकीट कुठे अडकलं देव जाणे. पेन्शन बंद. पुन्हा सुरू व्हायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मामीने वरती रोज दुपारी हुमण-भात पाठवला. आजीने प्रत्येक वेळी डबा धुऊन त्यात काही ना काही घालून परत दिला, कधी बिस्किटं, कधी नुसतीच गॅलरीतली दोन लिंबं.

बाकी छोट्या कटकटी तर मोजायच्या नाहीत. घरगुती गॅस त्यांच्या नावावर मिळेना, म्हणून मामीच्या दोन सिलिंडरपैकी एक वर. टुरिस्टचं सिमकार्ड तीन महिन्यांवर चालत नाही, म्हणून सगळ्या ठिकाणी मामाचा नंबर. परिणाम असा की आजोबा वर कॉम्प्युटरवर बसलेले, ओटीपी आलेला मामाच्या मोबाइलवर, आणि मामा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचा भाव करतोय! २०१६ च्या नोटाबंदीत परदेशी लोकांना आठवड्याला ५,००० रुपये बदलून मिळायचे, ते पण पासपोर्टवर नोंद करून. वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांनी त्या रांगा लावल्या. रांगेत पुढे सोडलं का कुणी, असं मी विचारलं तर म्हणाले, “सगळेच म्हातारे होते.”

मामालाही सुटका नाही. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत कळवावं लागतं, फॉर्म भरून. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा आला, पण कळवायचं बंधन तसंच आहे. आपल्या रेक्टर सरांना विचारा, हॉस्टेलमध्ये बाहेरच्या देशाचा विद्यार्थी आला की त्यांनाही हीच धावपळ असते. फरक इतकाच की त्यांच्या हाताखाली क्लार्क आहे आणि मामाच्या हाताखाली मी आहे. ‘तू कॉन्व्हेंटची ना, भर’ हे वाक्य मी आठवीपासून ऐकतेय. कॉन्व्हेंटचं इंग्लिश व्हिसाच्या फॉर्मला अजिबात उपयोगी नाही. तुमच्या अंगावरची दिसणारी खूण लिहा. आजी-आजोबा पाकिस्तानी होते का लिहा. गेल्या तीन वर्षांत सार्क देशांत गेला होता का लिहा. आणि फोटो चौकोनी पाहिजे. आयताकृती नाही, चौकोनी.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते. २०१९ च्या मार्चमध्ये वरची आजी गेली. ती कॅथलिक होती, तिला तिथल्याच सिमेटरीत पुरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोव्यात जागा कमी, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कबर कायमची नसते. तीनेक वर्षांनी उघडतात, अस्थी काढून घरचे लोक दुसरीकडे ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला. त्या दिवशी घरच्यांनी हजर राहायचं असतं.

कोविडमध्ये आजोबा इथेच अडकले. सरकारने अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवून दिले, आणि खरं सांगते, जग घाबरून बसलं होतं तेव्हा हा एक माणूस निवांत होता. दीड वर्ष कुणी त्यांना जा म्हणालं नाही. रोज संध्याकाळी मास्क लावून सिमेटरीपर्यंत चालत जाऊन यायचे. सप्टेंबर २०२१ ला ती सवलत संपली. ते मुलीकडे इंग्लंडला गेले. मार्च २०२२ मध्ये बऱ्याच देशांचे ई-व्हिसा परत सुरू झाले, त्यात ब्रिटन नव्हतं. ब्रिटिशांना स्वतः जाऊन अर्ज द्यायचा होता आणि अपॉइंटमेंट काही मिळेना. ऑक्टोबरमध्ये कबर उघडायची वेळ आली. मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला असतो, त्याआधी उरकायचं होतं. ‘घरचे लोक’ म्हणून मामा गेला. हिंदू माणूस, त्याला तिथे काय करायचं ते माहीत नाही, शेजारच्या काकींना घेऊन गेला. व्हिडिओ कॉल लावला होता पण सिमेटरीत रेंज नव्हती. मग फोटो काढून पाठवले. ब्रिटिशांचे ई-व्हिसा सुरू झाले डिसेंबरमध्ये.

मामाने मला नंतर एवढंच सांगितलं, की फोटो पाठवल्यावर आजोबांचा मेसेज आला, थँक यू, तुझे शूज खराब झाले असतील.

आता माझं मत. भारताने निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा काढावा. थायलंडचं उदाहरण घ्या. तिथे पन्नाशीच्या पुढच्या माणसाने बँकेत आठ लाख बाट ठेवायचे किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचं, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि वर्षावर्षाने मुदत वाढवत राहायचं. तिथेही लोक वैतागतातच, २०१९ मध्ये एका प्रकारच्या व्हिसाला आरोग्य विम्याची अट घातली तेव्हा वयस्कर लोकांची पंचाईत झाली, कारण त्या वयात विमा देतो कोण? तरी खाना तर आहे! आपणही अटी घाला. वय ठरवा, पेन्शन बघा, जमीन घ्यायची नाही, नोकरी करायची नाही, वर्षातून एकदा तोंड दाखवून जा. आजोबा यातल्या प्रत्येक अटीवर आनंदाने सही करतील.

मामेभावाचं मत उलट आहे आणि तो मूर्ख नाही. तो म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर येऊन इथल्या वकिलांच्या सल्ल्याने फेमाचे नियम मोडून लोकांनी घरं घेतली, मग ईडीच्या नोटिसा आल्या, भाव वाढले ते वाढलेच. आमच्या गावात आम्हालाच खोली परवडत नाही आणि तू त्यांना व्हिसा वाट. हे खरंच आहे. पण मला वाटतं, नीट खाना नसल्यामुळेच तर आडवाटा निघतात. जो कंपनी काढून बंगला घेऊ शकतो त्याला टुरिस्ट व्हिसा नडत नाही. नडतो तो भाड्याच्या दोन खोल्यांत प्रामाणिकपणे खरा पत्ता लिहिणाऱ्याला. मामेभावाला हे पटलेलं नाही. आमचं भांडण चालू आहे.

आणि ही गोष्ट फक्त गोऱ्यांची आहे असंही समजू नका. आपल्यापैकी निम्म्यांचे डोळे जीआरईकडे लागलेत. माझे काका न्यूजर्सीला आहेत, आजी तिकडे व्हिजिटर म्हणून जाते, सहा महिन्यांनी परत येते. तिकडे तिचा विमा, तिची औषधं बॅगेत भरून, आणि डॉक्टरकडे जायची भीती. ब्रिटनने तर २०१२ पासून म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं बोलावून घेणं जवळपास अशक्य करून ठेवलंय. वीस वर्षांनी आपल्यापैकी कोणाची तरी आई कुठल्या तरी देशात एकशे ऐंशी दिवस मोजत बसलेली असेल.

आजोबा आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांच्या ई-व्हिसाला एका कॅलेंडर वर्षात मिळून १८० दिवसांची मर्यादा आहे, म्हणून त्यांनी ग्राफ पेपरवर तक्ता करून फ्रिजला लावलाय. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च बसेल असं वाटतं, पण जानेवारी ते मार्च ९० आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ९२, बेरीज १८२. दोन दिवस जास्त! म्हणून ते ३ ऑक्टोबरला येतात. म्हणजे २ नोव्हेंबर गाठता येतो.

गेल्या सप्टेंबरमध्ये, इथे सबमिशनची मारामारी चालू असताना, रात्री साडेअकराला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. व्हिसाची मुदत संपली होती, नवा फॉर्म भरायचा होता. जर्नल बाजूला ठेवून मी कॉमन रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले. एक एक रकाना विचारत गेलो. भेटीचा उद्देश आला. मी पर्याय वाचून दाखवले, पर्यटन, योगाचा छोटा कोर्स, मित्र किंवा नातेवाइकांची भेट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, तिसरं टाक. पुढे नाव आणि पत्ता विचारला होता, तिथे मी मामाचं नाव टाकलं, कांदोळीचा पत्ता टाकला, सबमिट दाबलं.

फोटो चौकोनी नव्हता. परत पहिल्यापासून.