जमिनीला म्हाताऱ्याचा शब्द चालतो, कॉलेजला का चालत नाही?



वनहक्काचा दावा भरताना आपण काय काय जोडलं ते आठवा. सातबारा नव्हता, पावती नव्हती. होती ती वडीलधाऱ्यांची तोंडी साक्ष. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ साली आले. त्यातला नियम १३ सांगतो की दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने जे सांगितलं ते लिहून काढलं, तर तो पुरावा. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, हाही पुरावा. कागद नसलेला माणूस खरं बोलू शकतो, हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं. मेहरबानी म्हणून नाही लिहिलं. देशभरचे आदिवासी रस्त्यावर उतरले म्हणून लिहिलं.

आता आमचा सवाल आहे. जमिनीच्या दाव्यात जो म्हातारा साक्षीदार म्हणून चालतो, तोच कॉलेजच्या दारात अडाणी कसा होतो? आणि त्याच्या हाताखाली पंधरा वर्षं रानात शिकलेली पोर तिथे गेली की तिची पाटी कोरी कशी होते?

आपल्याला काय येतं ते एकदा मोजूया. आपण ते कधी मोजलंच नाही, म्हणून दुसऱ्यांनी शून्य लिहिलं.

खाडीवर जाणाऱ्या आपल्या बाईला कुर्लीचं बीळ बघून कळतं की आत कुर्ली आहे की गेली. अमावास्या-पुनवेचं उधाण कधी, अष्टमीचा भांग कधी, पाणी किती वाजता उतरेल, हे ती तिथीवरून सांगते. रानात जाणारा माणूस पानं झडलेल्या झाडाच्या सालीवरून ऐन कुठला, किंजळ कुठला, बेहडा कुठला ते ओळखतो. ठेकेदाराची उचल घेऊन ज्यांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या, त्या कातकऱ्यांना धुराचा रंग बघून भट्टी कुठवर आली ते समजतं. हे सगळं कुणीतरी शिकवलं, कुणीतरी शिकलं, चुकलं, मार खाल्ला, पुन्हा शिकलं. शिक्षण आणखी वेगळं काय असतं?

हेच विषय पुस्तकात आले की त्यांना मोठी नावं मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे. आपल्या कुडाळ तालुक्यात मुळद्याला उद्यानविद्येचं कॉलेज आहे. तिथे पोरं शिकतात, चांगलंच आहे, आपलीही शिकोत. पण एखाद्या कॉलेजची सहल रानात येते तेव्हा पुढे कोण चालतो? आपलाच माणूस. झाड तो दाखवतो. वहीत लिहिणाऱ्याला मार्क, दाखवणाऱ्याला चहा आणि फार तर दिवसाची मजुरी.

सरकारकडे यावर काहीच नाही, असं समजू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेचे नियम केले. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. श्रेयांक म्हणजे शिकण्याची मोजणी. शिकण्याचे ३० तास झाले की १ श्रेयांक, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४०. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात. आणि त्याच आराखड्यात म्हटलंय की वर्गाबाहेर, कामातून, अनुभवातून शिकलेलंही तपासून श्रेयांकात धरता येईल. पूर्वज्ञानाला मान्यता, असं त्याचं नाव.

मग करा हिशेब. एक बाई दिवसाला चार तास, वर्षाचे शंभर दिवस खाडीत जाते असं धरा. झाले ४०० तास, म्हणजे १३ श्रेयांक. दहा वर्षांत ४००० तास, म्हणजे १३३. अख्ख्या पदवीपेक्षा जास्त! आम्ही असं म्हणत नाही की तास भरले की पदवी द्या. नुसते तास म्हणजे घाम. त्या घामातून तिला काय कळलं ते तपासा, आणि जेवढं कळलंय तेवढं मांडा. पण आधी तपासायला तरी या! आपल्या वाड्यांमधल्या कुणाच्या खात्यात रानाच्या विद्येचे पाच श्रेयांक तरी जमा झालेत काय? विचारा एकमेकांना.

काही जण सांगतील, तुमच्यासाठी सोयी आहेत की. बघूया. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. शाळा सुटलेल्यांना तयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जायची वाट त्याने काढली. ती वाट मोलाची होती. पण ती दारातून आत घेणारी वाट. आत गेल्यावर पाटी पुन्हा कोरी, पहिल्यापासून गिरवा. २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत हातातलं काम तपासून दाखला देतात. तो दाखला कशाचा? बहुतेक मजुरीच्याच कामाचा. म्हणजे हुशार मजूर व्हा, पण मजूरच राहा.

वनरक्षकाची भरती घ्या. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धीची चाचणी, मग धावणं. राखायचं रान, पण रानात नेऊन ‘हे झाड कुठलं’ असं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आपली पोरं पहिल्या नंबराने आली असती.

बाहेरच्या जगात हे झालेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राज्यात काळ्या कामगारांना शिक्षणापासून तोडलं होतं. तिथल्या कामगार संघटनांनी मागणी लावली की वर्षानुवर्षं कामातून शिकलो ते शिक्षण म्हणून धरा. वर्णभेद गेल्यावर ते देशाच्या धोरणात आलं. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने अनुभव तपासून अख्खी पदवीसुद्धा देता येते. आणि आपल्याच देशातलं बघा. तमिळनाडूचे साप पकडणारे दोन इरुळा आदिवासी, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. २०१७ साली त्यांना अमेरिकेत फ्लोरिडाला बोलावलं, दलदलीतले अजगर शोधायला. तिथल्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्या बरोबर फिरले. पुढे दोघांना पद्मश्रीही मिळाली.

आपल्याकडेही पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ठाकरांच्या चित्रकथीसाठी आणि बाहुल्यांच्या खेळासाठी. आपल्या सगळ्यांची मान त्याने ताठ झाली. पण पद्मश्री एकाला मिळते, तीही आयुष्य झिजल्यावर. त्याच वाडीतली वीस वर्षांची पोर बाहुली नाचवते, चित्र रंगवते, कथा तोंडपाठ म्हणते. तिला कॉलेजात त्याचं काय मिळतं? आम्हाला सत्कार नको, हिशेब पाहिजे.

आता ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांना उत्तर. आम्ही परीक्षेला घाबरत नाही, परीक्षा घ्या म्हणतोय. फक्त ती रानात घ्या, खाडीत घ्या, आमच्या बोलीत घ्या. उद्या वैदूला डॉक्टर करा म्हणाल, असंही कुणी हसून म्हणेल. नाही म्हणणार. जे येत नाही त्याचा कागद आम्हाला नको. गणित, इंग्रजी, कॉम्प्युटर, कायदा, हे सगळं आम्हाला शिकायचं आहे, आणि म्हणूनच ही मागणी आहे. आमच्या पोरांचे कॉलेजचे तास आणि मजुरीचे तास एकच असतात. जे येतं तेच पुन्हा शिकायला वर्ष घालवलं, तर जे येत नाही ते शिकायला वेळ आणि पैसा उरत नाही. मग पोर कॉलेज सोडते आणि रजिस्टरात लिहिलं जातं, गैरहजर.

एका गोष्टीची मात्र चीड येते. आमच्या विद्येची तोंडी परीक्षा घेताच येत नाही, हे खोटं आहे. जातपडताळणीत आप्तभाव चाचणी घेतात ती काय असते? तुमचे देव कुठले, लग्न कसं लावता, मयताला काय करता, सगळं विचारतात. एखाद्या पोराला उत्तर नाही आलं तर तो आदिवासीच नाही म्हणतात. शेवटी २०२३ साली सुप्रीम कोर्टाला ठाकूर जमातीच्याच खटल्यात सांगावं लागलं की ही चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे. म्हणजे आमच्या हातातलं काढून घ्यायचं असतं तेव्हा आमचं ज्ञान तपासता येतं, द्यायचं असतं तेव्हा येत नाही!

म्हणून सावध राहायचं. पूर्वज्ञान तपासण्याच्या नावाखाली जातपडताळणीसारखा दुसरा फास आपल्या गळ्यात नको. फी, दलाल, जिल्ह्याच्या चकरा नकोत. तपासणीला विद्यापीठाचा माणूस बसेल, त्याच्या शेजारी ग्रामसभेने निवडलेली जाणती माणसं बसतील, आणि दोघांची सही चालेल. वनहक्काचा दावा जशी ग्रामसभा आधी तपासते, तसंच हे. आणि विद्या लुटू द्यायची नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहिलेला आहे. कुठलं औषध सांगायचं, कुठलं नाही, ते ग्रामसभा ठरवेल.

याचा जमिनीशी काय संबंध, असं विचाराल तर सरळ सांगतो. सामूहिक वनहक्क मिळाला की रानाची राखण, आराखडा, हिशेब गावाला करायचा असतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली तो हक्क मिळवला, पुढे स्वतःचा बांबू विकला, पैशाचा हिशेब ठेवला. हेच काम शिकलेल्याला कॉलेजात वनशास्त्र आणि वाणिज्य म्हणतात. आपली पोरं तीन वर्षं कागदासाठी शहरात गेली तर इथे रानात कोण फिरणार? रान राखता राखता पदवी मिळाली पाहिजे. आणि रानच गेलं तर आपलं कॉलेज, मास्तर, पुस्तक सगळं एकदम गेलं, हेही विसरू नका.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन कामं करायची.

१) ठराव घ्या: आमच्या गावच्या विद्येला श्रेयांक मिळाले पाहिजेत. प्रत मुंबई विद्यापीठाला, आदिवासी विकास विभागाला आणि आमच्याकडे पाठवा.

२) एक वही घाला. कुणाला काय येतं, कुणाकडून शिकलं, किती वर्षं करतोय ते लिहा. ज्यांना लिहायला येत नाही त्यांचं पोरांनी लिहायचं आणि वाचून दाखवायचं. औषधाचं गुपित त्यात लिहायचं नाही.

३) बारावी झालेल्या, कॉलेज सोडलेल्या पोरा-पोरींची यादी करा. पहिला अर्ज त्यांचाच घालू, मोर्चाने जाऊन घालू.

कुणी विचारलं, ‘तुझ्याकडे कागद आसा काय?’ तर सांगा, रान आसा, खाडी आसा, आणि साक्षीक अख्खो गाव आसा.

जिंदाबाद!