चेहऱ्याचं दुखणं आणि उगाच काढलेल्या दाढा

शहादा तालुक्यातल्या एका वस्तीत महिलांच्या बैठकीला एक ताई कायम पदर गालाला दाबून बसायच्या. वय चाळीसच्या आसपास, उजव्या बाजूच्या तीन दाढा काढलेल्या. पहिली काढली तरी दुखणं राहिलं, म्हणून दुसरी, मग तिसरी. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं. मग घरात बोलणं सुरू झालं की बाई कामाला कंटाळते, नाटक करते. शेजारणीने भगताचं नाव सुचवलं. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, वॉर्डात वर्षं काढलेली. पण आम्हीही आधी दातांच्या डॉक्टरकडेच बोट दाखवलं होतं, हे कबूल करतो.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस असते. तिच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि जबड्यात पसरतात. दाढेची आणि गालाची खबर एकाच वाटेने जाते, म्हणून नसेचं दुखणं दाढेचं वाटतं. एक प्रकार करंट लागल्यासारखा असतो. घास चावताना, तोंड धुताना, थंड वारा लागला की क्षणभर जीवघेणी कळ. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाब देत असते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. सलमान खानला हाच आजार होता, २०११ मध्ये त्याने अमेरिकेत ऑपरेशन करून घेतलं. पडद्याबाहेर त्याला कोणी ‘नाटक करतो’ म्हटलं नाही.

ताईंचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं, दिवसभर ठसठसणारं. मेंदू दुखण्याची खबर नुसती ऐकत नाही, तिला ब्रेकही लावतो. त्या ब्रेकचं काम सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं करतात. ब्रेक ढिला पडला की जखम नसतानाही दुखत राहतं. ते दुखणं खरंच असतं. मात्र ‘डोक्यातलं केमिकल बिघडलं’ एवढंच कारण नसतं. झोप, ताण, जुनी इजा, सगळं त्यात मिसळतं. आणि रक्त तपासून हे केमिकल मोजून देतो असं कोणी म्हणालं, तर पैसे देऊ नका.

डॉक्टरांनी ताईंना रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली. मेडिकलवर कोणीतरी म्हणालं, ही तर वेड्यांची गोळी. ताईंनी पाकीट गटारात टाकलं. आमचा राग इथे आहे. ही गोळी उदासीवर चालते हे खरं, पण कमी डोसमध्ये ती दुखण्याचा ब्रेक घट्ट करते. करंटच्या दुखण्याला कार्बामाझेपिन, म्हणजे फिट्सची गोळी देतात. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे दोन मिनिटं सांगितलं तर काय बिघडतं? दोन्ही औषधं महाग नाहीत. ॲमिट्रिप्टिलिनचा गुण यायला काही आठवडे लागतात, झोप येते, तोंड कोरडं पडतं. मनाने बंद करू नका. कार्बामाझेपिनने अंगावर पुरळ आलं तर मात्र थांबवून लगेच दवाखाना गाठा.

दाढ काढण्याआधी ‘कीड कुठे आहे, एक्स-रेत दाखवा’ असं विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या बाकावर बसायची लाज धरू नका. तोंड अचानक वाकडं झालं किंवा जबड्याबरोबर छातीतही दुखलं, तर १०८ ला फोन करा.

ताईंनी गोळी पुन्हा सुरू केली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण रात्री झोपतात. भाकरी मात्र डाव्या बाजूनेच चावावी लागते.