हॉटेलच्या किचनमध्ये निघालेल्या पोरांना

शिरूर अनंतपाळ आणि आसपासच्या गावांतून जी पोरं-पोरी पुण्या-हैदराबादच्या हॉटेलांत कामाला जातात, किंवा दहावीनंतर आयटीआयचा 'फूड प्रॉडक्शन'चा एक वर्षाचा कोर्स धरतात, त्यांना कळकळीनं सांगतो : तिथल्या शब्दांना भिऊन काम सोडून येऊ नका.

शेफ 'रिड्यूस कर' म्हणाला की आटवायचं. आपल्या औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी आटवूनच होते. 'स्लरी' म्हणजे रस्सा दाट करायला पाण्यात कालवलेलं पीठ. येळवशीच्या भज्जीला माय बेसन कालवून लावते, तेच काम. 'सिमर' म्हणजे मंद आच. किचनमधले कित्येक शब्द तर मुळात इंग्रजीही नाहीत. 'सॉते', 'जुलियन' हे फ्रेंच. मोठ्या हॉटेलांच्या किचनची घडी बसवण्यात ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफचा मोठा वाटा होता आणि त्याचं १९०३ सालचं पुस्तक आजही स्वयंपाकाच्या शिक्षणात मानलं जातं. तेव्हा इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरालाही हे शब्द नवेच असतात.

काही शब्द मात्र ओळखीचे वाटून फसवतात. 'टेम्परिंग' म्हणजे फोडणी. पण बेकरीत तोच शब्द चॉकलेटला लावतात. ते वितळवून ठरावीक तापमानाला आणलं, तरच त्याला चकाकी येते. 'फायर' ऐकलं तर आग लागली समजून पळू नका, तो पदार्थ लगेच करायला घ्या. काही ठिकाणी 'एटी-सिक्स' म्हणतात, म्हणजे पदार्थ संपला.

'बिहाइंड' आणि 'हॉट' हे दोन पहिल्याच दिवशी पाठ करा. ते ऐकू आले म्हणजे मागून कुणीतरी गरम तेलाची कढई किंवा उघडी सुरी घेऊन येत असतं. आहात तिथंच थांबा. वळू नका, मागं सरकू नका. तुमच्या हातात कढई असेल तर तुम्हीही मोठ्यानं ओरडा. इथं लाजलात, तर दुसरा कुणीतरी भाजेल.

कळलं नसताना 'येस शेफ' म्हणू नका. गर्दीच्या वेळी कामापुरतं विचारून घ्या, बाकीचं दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर जुन्या कारागिराला विचारा. खिशात छोटी वही ठेवा आणि शब्दापुढं आपल्या बोलीत लिहा.

आधी गेलेल्या दादा-ताईंनो, नव्या पोराला शब्द कळला नाही म्हणून हसू नका. त्याला जवळ बोलवा आणि एकदा हातानं करून दाखवा.