राखणदारीचा दाम



वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा रिकामा हंगाम जवळजवळ तोच. कापसाची शेवटची वेचणी झालेली, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, रब्बी ज्वारी काढून खळे उरकलेले. त्यानंतर मृगापर्यंत नांगरट आणि आभाळाकडे पाहणे. ज्यांनी ऊसतोडीची उचल घेतली ते कोयता घेऊन दिवाळीच्या आगेमागेच गेलेले असतात. जे राहतात ते वाळूजला ठेकेदाराच्या दारात उभे असतात. आणि गावाला लागून असलेल्या जंगलात व तलावावर नेमके याच दिवसांत माणसे लागतात. ती कोण, किती दिवस, काय दराने, हे मात्र गावाला कोणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहू. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले, सुमारे 260 चौरस किलोमीटर, कन्नड आणि पलीकडे चाळीसगाव तालुक्यात. पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्यही त्याच सालचे, 341 चौरस किलोमीटर. या दोन्ही ठिकाणी बारमाही नोकरदार मोजके. खरे काम हंगामी असते. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, गवत कापून पट्टे जाळायचे, मग चार महिने फायर वॉचर म्हणून डोंगरावर नजर ठेवायची. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यांत टँकरने पाणी टाकायचे. पावसाळ्यात रोपे लावायची, घाणेरी उपटायची. नाथसागरावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात, जानेवारीत त्यांची मोजदाद होते. पावसाळ्यात तलावांत मत्स्यबीज सोडले जाते. यातले एकही काम असे नाही, की जे आपल्या पोरांना येत नाही. वारा कोणत्या अंगाने फिरला की आग कुठे धावेल, हे डोंगरात गुरे चारलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

मग या कामाची किंमत काय होते? 1996 च्या जानेवारीत राज्य सरकारने वनखात्यातल्या 8,038 रोजंदारी कामगारांना कायम केले. अट अशी, की सलग पाच वर्षे दर वर्षी किमान 240 दिवस काम झालेले असावे. 2012 साली आणखी 6,546 जणांना कायम करण्याचा निर्णय झाला. ज्यांना मिळाले त्यांचे चांगले झाले. पण आगीचा हंगाम मोजून पाहा. 15 फेब्रुवारी ते 15 जून म्हणजे 121 दिवस. हंगामी माणूस वीस वर्षे डोंगरावर राबला तरी 240 चा आकडा त्याच्या मस्टरवर येणार नाही. म्हणजे ज्याचे काम स्वभावानेच हंगामी, त्याच्यासाठी या हिशेबात जागाच नाही. तो कायम नाही, ठेक्यातला नाही, कधी कधी मस्टरवरही नाही. साहेबाने सांगितले, हा गेला, पैसे नंतर बघू.

माझे मत इथे काही कार्यकर्त्यांना पटणार नाही. हंगामी माणसाला कायम करा, ही मागणी मला बरोबर वाटत नाही. आपण शेतकरी आहोत. मृग लागला की आपल्याला शिवारात असावे लागते. आपल्याला चार महिन्यांचे काम चार महिन्यांचे म्हणूनच हवे. फक्त ते आधी जाहीर झालेले असावे, तारीख ठरलेली असावी, दर लिहिलेला असावा, पैसे पंधरा दिवसांत हातात पडावेत आणि आगीत हात भाजला तर दवाखान्याचा खर्च घरच्या पाटल्या गहाण ठेवून करावा लागू नये.

आता स्वयंसेवकांचे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरे मोजायची पद्धत आपल्या राज्यात जुनी आहे. ताडोबा-मेळघाटात तर शहरातली माणसे शुल्क भरून त्या रात्री येतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हौसेने येतात, निसर्गाबद्दल माया घेऊन जातात. पक्षी मोजणाऱ्यांनी नाथसागराच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या म्हणून आज तिथले काही सांगता येते. पण ते मचाण बांधणारा, त्या पाणवठ्यात पाणी ओतणारा माणूस गावचा असतो. शहरातल्या माणसाचा छंद आणि गावातल्या माणसाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना ‘सेवा’ म्हटले की पहिल्याला प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्याची मजुरी बुडते. श्रमदान हा शब्द फार गोड आहे, पण दान देणाऱ्याच्या घरात आधी काही शिल्लक लागते.

बाहेरचे एक उदाहरण देतो. आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. अमेरिकेत राष्ट्रीय जंगलांतल्या स्वयंसेवकांचा कायदा झाला तोही 1972 सालीच. तिथला स्वयंसेवक पगार घेत नाही. पण काम करताना त्याला इजा झाली तर भरपाईपुरते त्याला सरकारी कर्मचाऱ्यासारखे धरले जाते. आणि उन्हाळी हंगामी माणूस नेमायचा तर जागा जाहीर होते, किती महिने आणि तासाचा दर काय हे त्यात लिहिलेले असते. तिथे सगळे सुखात आहे असे मी म्हणत नाही. पण फुकट काम करणाऱ्याच्या हातापायाचीही जबाबदारी कोणावर तरी टाकता येते, एवढे त्यावरून दिसते.

या सगळ्यात सर्वांत मोठा स्वयंसेवक अजून आलाच नाही. तो म्हणजे ज्वारीत माळा घालून रात्रभर गोफण आणि बॅटरी घेऊन बसणारा आपला शेतकरी. कृषीची पदवी घेताना पिकाच्या शत्रूंची लांबलचक यादी मी पाठ केली होती. मावा, तुडतुडे, बोंडअळी, खोडमाशी. या भागात बैठका घ्यायला लागलो तेव्हा लोक पहिल्यांदा बोलायचे ते रोही आणि रानडुकराबद्दल. जनावर सरकारचे, पीक आपले आणि राखणही आपलीच.

हिशेब मांडू. ज्वारी चिकात आल्यापासून काढणीपर्यंत 40 रात्री धरा. रात्रीची मजुरी 400 रुपये धरा. या पैशात दुसऱ्याच्या शेतावर कोण जागायला येतो ते तुम्हीच सांगा. झाले 16,000 रुपये. एका माणसाने दोन एकर राखले आणि एकरी पाच क्विंटल ज्वारी झाली तर माल दहा क्विंटल. मालदांडीचा 2025-26 चा हमीभाव 3,749 रुपये. तो पुरा मिळाला, आणि तो मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी 37,490 रुपये. म्हणजे शंभर रुपयांच्या ज्वारीत बेचाळीस रुपयांवर नुसती जागल. हमीभावाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतात म्हणे. ही जागल त्यांनी कोणत्या रकान्यात धरली आहे ते दाखवावे. (रोही-रानडुकराला मारण्याच्या परवान्याचा वाद वेगळा आहे, तो इथे घेत नाही.) नुकसानीचा पंचनामा पीक गेल्यावर होतो. ज्याने चाळीस रात्री जागून पीकही वाचवले आणि जनावरही जिवंत ठेवले, त्याच्या नावाचा कागद कुठेच नाही.

पाण्याकडे वळतो. जिल्ह्यातले कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर आपल्याच माणसांनी खडी फोडून, माती वाहून बांधले. त्यांत पाणी पाच-सहा महिने टिकते. खायच्या आकाराचा कटला, रोहू वाढवायला एवढे दिवस अपुरे पडतात, म्हणून हे तलाव निरुपयोगी समजले जातात. तसे नाही. माशाचे जिरे वाढवून बोटुकली तयार करायला दोन-तीन महिने पुरतात. मोठ्या जलाशयात बारीक बीज सोडले तर मोठे मासे ते गिळून टाकतात; तिथे बोटाएवढे, 80 ते 100 मिलिमीटरचे बीज लागते. म्हणजे आपला अल्पकाळ टिकणारा तलाव मोठ्या धरणाची रोपवाटिका होऊ शकतो. अडचण एकच, आणि ती लपवून उपयोग नाही. जिरे येते पावसाळ्यात, आणि तेव्हा आपण कपाशीच्या निंदणी-कोळपणीत बुडालेले असतो. ज्या घरात हात जास्त आहेत त्यांनी किंवा बायकांच्या गटांनी हे पाहावे.

दुसरे असे, की माशाचे काम भोई, कहार बांधवांचे आहे. जाळे त्यांचे, कसब त्यांचे. त्यांना बाजूला सारून तलावाचा ठेका घ्यायला निघालात तर मी तुमच्याबरोबर नाही. बीज आपण वाढवावे, त्यांच्या संस्थेने रोख घ्यावे, असा व्यवहार जमतो. त्यांच्यापुढे आधीच संकट आहे. नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध पैठणच्या कहार समाज पंच समितीने हरित लवादाकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. 2025 साली तिथेही ती फेटाळली गेली.

2021 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत एक वाघ गौताळ्यात आला. चंद्रपूर भागात वाघामुळे गावोगाव प्राथमिक प्रतिसाद दले उभी करावी लागली. गर्दी आवरायची, लोकांना सावध करायचे, ही कामे गावची पोरे करतात. आपल्याकडेही उद्या तशी हाक येईल आणि ती सेवेच्या नावाने येईल. पोरांनी जरूर जावे. पण विमा, रोजचा भत्ता आणि नाव नोंदल्याचा कागद आधी मागावा. वाघ आल्यानंतर हे मागायला कोणाला सवड नसते.

पुढच्या जिल्हा बैठकीत यावर ठराव घ्यायचा आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांनी येताना लिहून आणावे: गेल्या आगीच्या हंगामात गावातले कोण कोण कामावर होते, किती दिवस, मस्टरवर नाव होते की नाही, पैसे कोणत्या तारखेला मिळाले. तलावाच्या गावांनी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि ठेका कोणाकडे आहे ते आणावे. आणि ज्यांनी यंदा ज्वारी राखली त्यांनी जागलीच्या रात्री मोजून आणाव्यात. अंदाज नको, मोजून.